उलटवलेला कोट

"नुसती बघत काय बसलीस? हात लाव," नाना म्हणाले. "असं कापड बापजन्मात बघितलं नसशील."

"तुम्ही तरी कुठं बघितलंय?" मी म्हटलं.

"म्हणून तर म्हणतो, लाव हात."

मी हात लावला. चैत्रातली सकाळ होती, पण भुसावळचं ऊन महिना बघत नाही. दहा वाजताच डोकं तापलं होतं, आणि त्या उन्हात मी गुडघ्यावर जाड लोकरीचा कोट घेऊन बसले होते. कापड दाट होतं, राखाडी रंगाचं, आत निळ्याची बारीक रेघ. नाना म्हणत होते ते खरं होतं. आमच्या गल्लीत कुणाच्याही लग्नात मी असं कापड पाहिलं नव्हतं.

"टोचतंय," मी म्हटलं.

"टोचणारच, अस्सल आहे. टेरिकॉट थोडंच टोचतंय?"

आठवडे बाजारात धान्याच्या ओळीमागे जुन्या कपड्यांची ओळ बसायची. दारोदार फिरून भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या बोहारणी धुऊन, इस्त्री करून ते तिथे विकायला मांडत. जिवीबाई त्यातली सगळ्यात म्हातारी. तिच्याकडे रेल्वे कॉलनीतला माल यायचा, म्हणून तिचा भाव वेगळा आणि तोराही वेगळा. कॉलनीतली गोऱ्या-सावळ्या अँग्लो-इंडियन साहेबांची घरं त्या वर्षांत एकेक करून रिकामी होत होती. जाताना माणसं पलंगापासून कपबशीपर्यंत सगळं काढून टाकत.

"पार्कर ड्रायव्हरचा आहे," जिवीबाई म्हणाली. "मेल चालवायचा तो. बायकापोरं घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला. विलायतेहून कापड आणून इकडे शिवलेला सूट आहे, भाऊ. पॅन्टपण आहे. कसर नाही, डाग नाही."

"कसर नाही, पण खांद्यावर रंग उडालाय की," मी म्हटलं. "आणि कोपर बघा, कसे चकाकतायत. माणूस इंजिनात टेकून बसत होता की काय?"

"ही तुझी पोरगी का, भाऊ?" जिवीबाईनं नानांना विचारलं. "हिचंच लग्न? देव त्या नवऱ्याचं भलं करो."

नाना इतके हसले की शेजारची बोहारीणही हसायला लागली. मीही हसले. माझी जीभ तेव्हा अशीच चालायची.

आम्हाला सूट हवा होता तो माझ्या नवरदेवासाठी. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनाला मुलीकडच्यांनी नवरदेवाला पोशाख द्यायचा, ही रीत. दुसरी कुठली मागणी त्या लोकांनी केली नव्हती. मुलगा मुरलीधर फालक, जळगावला बँकेत कारकून, उंचापुरा, बोलायला मऊ. मला बघायला आला तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "वाचायची आवड आहे का?" मी हो म्हटलं, तर म्हणाला, "छान." बोलणी सगळी त्याच्या मामानं केली. काशिनाथमामा मुंबईला कुठल्याशा बोटकंपनीच्या ऑफिसात होते आणि चार माणसांत बसले की मुंबई खिशातून काढून दाखवायचे. उठताना ते म्हणाले, "झांबरे, आम्हाला हुंडा नको, काही नको. फक्त सूट तेवढा लोकरी द्या, विलायती. आमच्या घरात टेरिकॉट चालत नाही."

नाना "हो हो" म्हणाले. दुकानात चौकशी करून आले त्या दिवशी मात्र जेवले नाहीत. रेल्वेच्या इस्पितळात नाना ड्रेसर होते. लोकांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. त्यांच्या पगारात विलायती कापडाची एक बाही झाली असती.

आणि मी सव्वीस वर्षांची होते. तेव्हा सव्वीस म्हणजे शेजारणी आईशी बोलताना आवाज बारीक करायच्या. किती जण बघून गेले ते आईला पाठ होतं. रंग, दात, बापाची नोकरी, काही ना काही निघायचंच. हे पहिलं स्थळ, ज्यानं होकार दिला होता. आई उठता-बसता एकच म्हणायची, "एवढं पार पडू दे रे देवा, मग माझं काही म्हणणं नाही."

कोट-पॅन्ट घेऊन आम्ही रज्जाक मास्तरांकडे गेलो. मास्तर जुने शिंपी, नानांच्या ओळखीचे. त्यांनी कोट मशीनवर पसरला, अस्तर एका कडेनं उसवलं आणि कापडाची आतली बाजू आम्हाला दाखवली. आतून कापड नवंकोरं होतं. रंग तस्साच, निळी रेघ तश्शी.

"झांबरेभाऊ, हा उलटवू या," मास्तर म्हणाले. "सगळा उसवतो. आतली बाजू बाहेर काढतो आणि मुलाच्या मापानं पुन्हा शिवतो. अस्तर नवं, बटणं नवी. पूर्वी माझे वडील असे पुष्कळ उलटवायचे. दोन्ही बाजूंनी सारखं असं कापड आता मिळतं कुठं?"

"म्हणजे कळणार नाही?"

"कापडावरून तर नाहीच कळणार. फक्त वरचा खिसा या बाजूचा त्या बाजूला जाईल. कापलेला खिसा आहे, त्याला इलाज नाही. कुणी एवढं बघत नाही."

"खिसा आहे ना? मग झालं," नाना म्हणाले. "कुठल्या का बाजूला असेना."

मी तिथेच उभी होते. मलाही त्यात काही वाटलं नाही. आमच्या घरात कुणी कधी कोट घातला नव्हता. नाना इस्पितळाच्या खाकी कपड्यात, आजोबा धोतर-बंडीत, काका सदरा-पायजम्यात. कोटाचा वरचा खिसा डावीकडेच असतो, सगळ्या जगात डावीकडेच असतो, हे सांगायला आमच्यात होतं कोण?

सूट शिवून आला तेव्हा घरात सण असल्यासारखं झालं. मुलाकडून मापाला आलेल्या जुन्या कपड्यांशी नानांनी तो ताडून बघितला. आईनं त्याला कुंकू लावलं. नानांनी कुठूनतरी पुठ्ठ्याचं चांगलं खोकं मिळवलं आणि सूट घडी करून त्यात ठेवला. दिवसातून दोनदा उघडून बघायचे. मी चिडवायची, "नाना, नवरी मी आहे. त्या खोक्याला एवढं बघू नका, दृष्ट लागेल."

"तुला तर रोज बघतोय," नाना म्हणायचे. "हा चार दिवसांचा पाहुणा."

वैशाखात लग्न. वऱ्हाड आदल्या दुपारी धर्मशाळेत उतरलं. संध्याकाळी सीमांतपूजन. मी बायकांच्या खोलीत होते, दार अर्धं उघडं, समोर पाट मांडलेला. नाना-आईनं मुरलीधरचे पाय धुतले, गंध लावलं, खोकं हातात दिलं. तो आत जाऊन सूट घालून आला.

काय दिसत होता! रज्जाक मास्तरांनी हात राखला नव्हता. खांदे कसे बसले होते, पॅन्टची इस्त्री कशी! बायका पुढं सरकल्या. माझी मावशी माझ्या कानात म्हणाली, "कुमे, साहेब मिळाला गं तुला." नानांकडे माझं लक्ष गेलं. ते तबक धरून उभे होते आणि कोटाकडे नाही, बघणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत होते.

काशिनाथमामा उठले. त्यांनी भाच्याच्या बाहीवरून हात फिरवला. "झांबरे, मानलं तुम्हाला. हे कापड मुंबईतसुद्धा मिळत नाही आता." खिशातून रेशमी रुमाल काढला. "मुरली, थांब. सुटाला रुमाल हवाच." आणि रुमालाची टोकं जुळवून त्यांनी तो मुरलीधरच्या छातीवर डावीकडे खोचला.

रुमाल खाली पडला.

त्यांनी उचलला. पुन्हा खोचायला गेले आणि हात थांबला. मग त्यांचं लक्ष उजवीकडच्या खिशाकडे गेलं. त्यांनी कोटाची कड उलटून बघितली, काजांवरून बोट फिरवलं. जी काजं मास्तरांनी रफू करून बुजवली होती, तीही त्यांना सापडली.

"हा उलटवलाय," ते म्हणाले. मोठ्यानं नाही, पण दारापर्यंत ऐकू गेलं. "जुना कोट उलटवून शिवलाय. झांबरे, कुणाचा आहे हा?"

नाना काहीतरी बनवून बोलले असते तर बरं झालं असतं. दुकानदारानं फसवलं म्हणाले असते, तरी चाललं असतं. पण नानांना खोटं सुचायला नेहमीच वेळ लागायचा.

"पार्कर ड्रायव्हरचा," ते म्हणाले.

"म्हणजे मेलेल्या गोऱ्याचे कपडे आमच्या मुलाला?"

"मेला नाही हो," नाना घाईघाईनं म्हणाले. "ऑस्ट्रेलियाला गेलाय."

कुणीतरी फस्सकन हसलं. मग हसू पसरत गेलं, दारापर्यंत, बायकांपर्यंत. फालकांकडची एक बाई पदर तोंडात धरून हसत होती. नानाही थोडे हसले. सगळे हसतायत म्हटल्यावर आपणही हसावं, असं त्यांना वाटलं असावं. मला ते बघवलं नाही.

मामांचा आवाज चढला. गाडी किती वाजता आहे ते कुणीतरी विचारा, असं ते म्हणायला लागले. वऱ्हाडातले दोघेतिघे उठून उभे राहिले. आई पाटाशेजारी मटकन खाली बसली. "असं करू नका हो," ती म्हणत होती. कुणाला म्हणत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. नानांनी तबक खाली ठेवलं आणि हात जोडले.

मुरलीधर तसाच उभा होता, त्या कोटात, कपाळाला गंध. मग त्यानं हात वर केला.

"मामा, बसा," तो म्हणाला. "आपण काय कपड्याशी लग्न करतोय का?"

माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला तो माणूस आवडला. मावशीनं माझा हात दाबला. मामा कुरकुरत खाली बसले.

मुरलीधरनं कोट काढला. सावकाश, एकेक बटण सोडत. नीट घडी घातली आणि नानांच्या पुढ्यात धरली.

"मला माझा पांढरा पोशाख आहे उद्याला," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ. "पण एवढा खर्च केलात, एवढी मेहनत केलीत, ती फुकट कशाला घालवायची? उद्या लग्नात हा तुम्ही घाला, सासरेबुवा."

नानांना आधी कळलं नाही. "मी?"

"तुम्हीच. पॅन्टसुद्धा. लोकांचं स्वागत करायला दारात सुटातला माणूस शोभतो. एवढी माझी हौस पुरवा, मग आमच्याकडून काही तक्रार नाही. काय मामा?"

मामांनी नानांकडे बघितलं. नाना मुरलीधरच्या खांद्याला लागतील एवढे, अंगानं काडी. मामा हसायला लागले. "वा रे मुरली! वा!" त्यांचा राग गेला. सगळ्यांचाच गेला. फालकांकडचे म्हणाले, मुलगा मनानं मोठा, गमतीवर नेलं. आमच्याकडचेसुद्धा तेच म्हणाले. माझा काका म्हणाला, "दुसरा असता तर वऱ्हाड घेऊन गेला असता. देवमाणूस आहे."

आईनं मुरलीधरला हात जोडले.

मी नानांना धर्मशाळेच्या मागच्या ओसरीवर गाठलं. अजून उजेड होता. नाना खोकं शेजारी ठेवून बसले होते.

"मोडून टाका," मी म्हटलं.

"काय मोडू?"

"लग्न. आत्ता जा आणि सांगा, आमची मुलगी द्यायची नाही."

"खुळी आहेस का? त्यानंच तर सावरून घेतलं."

"नाना, मामा चिडला. चिडलेला माणूस उद्या निवळतो. हा चिडला नाही. हा हसत होता आणि तुमच्याकडे बघत होता. तुम्हाला दिसलं नाही का?"

"मला सगळं दिसलं," नाना म्हणाले.

मग उठले, खोक्यातून कोट काढून अंगात घातला. बाह्या बोटांच्या खाली आल्या, कड गुडघ्याकडे. त्यांनी दोन्ही हात पसरले आणि एक गिरकी घेतली. "बघ, साहेब दिसतोय की नाही? उद्यापासून मेल मीच चालवणार."

मी हसले नाही. तेही थांबले.

"हे बघ पोरी," ते म्हणाले, "मी रोज लोकांचा पू पुसतो. मला कसली आलीय लाज? एक दिवस कोट घालायचा. एका दिवसानं कुणी मरत नाही."

"तुमचा एक दिवस, नाना. माझं काय?"

नाना कोटाच्या बाह्या दुमडत राहिले. एक दुमडली की दुसरी सुटायची.

"आज मोडलं तर पुन्हा कोण येणार?" शेवटी ते म्हणाले. "सांग ना. तुझी आई दोन रात्री झोपली नाहीये. सीमांतपूजनाला मोडलेलं लग्न म्हटल्यावर आपल्या दारात कोण उभं राहील? मी आज आहे, उद्या नाही. मग तू काय करशील?"

मी त्यांची सुटलेली बाही पुन्हा दुमडून दिली. आतून आईनं हाक मारली, हळद लावायची आहे म्हणून, आणि मी गेले.

दुसऱ्या दिवशी मुहूर्त दुपारचा. मांडवाचं कापड तापून खाली वाफ सोडत होतं. नाना सकाळपासून दारात उभे. पॅन्ट कमरेला सुतळीनं आवळलेली, खालून दुमडलेली, आणि वर तो लोकरी कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. येणारा प्रत्येक माणूस आधी थबकायचा, मग त्याला कुणीतरी कानात सांगायचं, मग तो हसायचा. नाना प्रत्येकाला नमस्कार करून "या, या" म्हणत होते. फालकांकडची पोरं मुद्दाम पुन्हा पुन्हा बाहेर जाऊन दारातून येत होती. इस्पितळातले नानांचे साहेब, डॉक्टर, सहकुटुंब आले. त्यांनी विचारलं, "झांबरे, हे काय? या उन्हात?" नाना म्हणाले, "जावईबापूंची हौस आहे."

आईनं एकदा मला सांगून मुरलीधरकडे निरोप धाडला, की त्यांना आता कोट काढू द्यावा, घेरी येईल. निरोप घेऊन मावशीच गेली होती. येऊन म्हणाली, "तो म्हणतो, राहू दे, छान दिसतंय. लग्न लागेपर्यंतच." मावशी सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. साहेब मिळाला म्हणणारी बाई.

मला मामानं धरून आणलं. माझा मामा, चांगला माणूस, त्यानं रस्त्यात माझ्या पाठीवरून हात फिरवला. अंतरपाट धरला. मंगलाष्टका सुरू झाल्या. अक्षतांचे दाणे अंगावर पडत होते, घामाला चिकटत होते. माझ्या हातात हार होता. मी ठरवलं होतं, काय ठरवलं होतं ते आता नीट आठवत नाही. पण अंतरपाट खाली येईल तेव्हा हार टाकून द्यायचा, असं काहीतरी होतं. ओरडायचं, असंही होतं.

अंतरपाट खाली आला.

मुरलीधर माझ्याकडे बघत नव्हता. तो माझ्या खांद्यावरून मागं बघत होता, आणि त्याच्या तोंडावर कालचंच हसू होतं. मी मान वळवली. मागं नाना उभे होते. तोंड लालबुंद, डोळ्यांवर घामाच्या धारा. कोटाची छाती, बगला, सगळं काळं भिजलेलं. एक हात खांबाला धरून त्यांनी दुसऱ्या हातानं मला खूण केली. घाल. ओठ हलवून म्हणाले, घाल, बाळ, घाल.

आई त्यांच्या शेजारी डोळे मिटून देवाचं नाव घेत होती.

मी पुढं वळले. मुरलीधर उंच होता. बाकीचे नवरे मान वाकवतात, हा वाकला नाही. मी टाचा उंचावल्या आणि हार घातला. बँड वाजायला लागला, टाळ्या झाल्या. मागं आई मोठ्यानं रडली. एवढं पार पडलं म्हणून रडली.

लग्न मोडलं नाही.

त्यानं माझ्या गळ्यात हार घातला आणि मग माझ्या कानाशी आला. नवरा म्हणून पहिल्यांदा माझ्याशी बोलला, त्याच मऊ आवाजात.

"सासरेबुवा शोभतात, नाही?"

मी म्हटलं, "हो."